बेदाणे नसलेला पुडा

१

वडील मला सापडले तेव्हा दुकानाबाहेर ईस्टरची रांग लागली होती आणि रांगेतल्या बायका काचेवर अंगठ्यांनी टकटक करत होत्या.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी बाबा उजाडायच्या आत दार उघडतात. दक्षिण फिलाडेल्फियातल्या आमच्या इटालियन गल्लीत त्या दिवशी हॅम घेतल्याशिवाय कुणी घरी जात नाही, म्हणून दरवर्षी मीही मदतीला येते. या वेळी पुढचं दार बंद होतं. मी बोळातून मागे गेले. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं.

बाबा तळघराच्या जिन्याखाली पडले होते. अंगात पांढरा एप्रन, डोक्यामागे फरशीवर वाळलेलं रक्त. त्यांचा हात हातात घेऊन मी बसले. वरून कुणीतरी बाबांना हाक मारून विचारत होतं, "साबी, आज उपास घडवणार का आम्हाला?"

मग एकेक गोष्ट दिसत गेली. खाली उतरताना दिवा मी लावला होता. म्हणजे तो बंद होता. बटण जिन्याच्या तोंडाशीच आहे, दारातून हात घातला की लागतं. बाबांच्या बोटात लग्नाची अंगठी नव्हती. मांसाला हात लावण्याआधी ते ती काढून काउंटरमागे सान रोक्को या संताच्या तसबिरीखालच्या खिळ्याला अडकवत. वर जाऊन पाहिलं तर खिळाही रिकामा.

आणि काउंटरवर जे होतं ते मला कितीतरी वेळ कळेचना. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी बाबा काप काढायचं मशीन धुऊन पुसून त्यावर आईने विणलेला पांढरा रुमाल घालतात. शनिवारी सकाळपर्यंत तो निघत नाही. त्या शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून आमच्याकडे खारवलेला मासा, चीज, तेल आणि पाव मिळतो, तोही दुपारपर्यंत. खुद्द पोप दारात आले असते तरी बाबांनी त्यांना हॅमचा काप दिला नसता.

तो रुमाल नीट घडी करून बाजूला ठेवलेला होता. पात्यावर चरबी थिजली होती. शेजारी तपकिरी कागदात बांधलेला एक पुडा होता, त्यावर कुणाचं नाव नव्हतं.

गुड फ्रायडेला, बंद दुकानात, बाबांनी कुणासाठी तरी मांस कापलं होतं.

२

तपासाला आलेला पोलीस लापोला आमच्याच गल्लीत वाढलेला. लहानपणी तो काउंटरला नाक लावून उभा राहायचा आणि बाबा त्याच्या तोंडात मोर्तादेल्ला सॉसेजचा काप भरवायचे. बाबांकडे पाहून त्याने टोपी काढली, आणि थोड्या वेळाने मला बाजूला घेतलं.

"एर्सिलिया, हे नुसतं पडणं नाही," तो म्हणाला. "म्हातारा माणूस हाताशी बटण असताना अंधारात जिना उतरत नाही. कुणीतरी इथे होतं. पुडा त्याच्यासाठी होता. तो निघून गेला आणि जाताना सवयीने दिवा बंद करून गेला. अंगठीही त्याच्याबरोबर गेली."

माझा भाऊ जेरी दुकानात भागीदार आहे. पाटीवर 'इयानेली आणि मुलगा' असंच लिहिलंय. त्याने सांगितलं, दुपारी दुकान बंद केलं, बाबांना वर घरात झोपायला पाठवलं आणि मी गेलो. सांगताना तो लापोलाकडे पाहत नव्हता, माझ्याकडेही नाही. मला वाटलं, रडू आवरतोय.

मागच्या दाराची किल्ली आणखी एकाकडेच होती, एलिजियोकडे. तो इक्वेडोरहून आलेला, तरुणपणापासून आमच्याकडे. सॉसेजं तोच भरायचा. लापोलाने त्याला विचारलं की मालकाशी काही भांडण झालं होतं का. एलिजियो म्हणाला, नाही.

हे खोटं होतं. गुरुवारी अख्ख्या रांगेसमोर बाबांनी त्याला काउंटरमागून हुसकावलं होतं. शब्द सगळ्यांच्या लक्षात होते. "तू कोण? माझ्या दुकानात काय करतोस? चालता हो." इतक्या वर्षांच्या माणसाला असं बोलायचं म्हणजे चोरी पकडली असणार, असं रांगेने तिथल्या तिथे ठरवून टाकलं होतं.

एलिजियोला घेऊन गेले. त्याच्याकडे या देशात राहायचे कागद नव्हते. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि आम्ही ते कधी बोललो नव्हतो. लापोला दारात थांबून हळूच म्हणाला, "खरा माणूस लवकर सापडला तर ठीक. नाहीतर दुसऱ्या खात्याचे लोक येतील आणि याला विमानात बसवतील. मग माझ्या हातात काही नाही."

एलिजियोच्या दोन मुली इथल्याच शाळेत जातात. तो पुडा कुणासाठी होता, एवढंच मला शोधायचं होतं.

३

पुडा लापोलाने माझ्यासमोर उघडला. आत ब्राचोले होते. बीफचे पातळ काप, त्यात सारण भरून गुंडाळायचे, दोऱ्याने आवळायचे आणि रविवारच्या टोमॅटोच्या ग्रेव्हीत दुपारपर्यंत रटरटू द्यायचे. लसूण, पार्सली, किसलेलं पेकोरिनो चीज, उकडलेल्या अंड्याची फोड. बेदाणे नव्हते. चिलगोजेही नव्हते.

अंत्यविधीनंतर दुकान उघडलं तेव्हा गल्लीतली इम्मामावशी पहिली आली. ती कायमच पहिली असते, नंबराची चिठ्ठी तिने आयुष्यात कधी घेतलेली नाही. मी तिला विचारलं, बेदाण्यांशिवाय ब्राचोले कोण नेतं?

"बेदाण्यांशिवाय?" तिने पर्स छातीशी धरली. "मग ते घशाखाली उतरतं कसं? या गल्लीत असलं कोण खाणार, पोरी. एकच होती, तुझी आई. मी तिला तोंडावर सांगायचे, मेना, तुझ्या पातेल्यात आजाऱ्याचं जेवण शिजतंय."

ते माझ्याही डोक्यात येऊन गेलं होतं आणि मी ते खोडून टाकलं होतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली. त्यानंतरही ईस्टरला बाबा तिच्या पद्धतीचे ब्राचोले करत आणि स्वतः खात, हे खरं. पण मला दात आले तेव्हापासून आईचे एकटे कधी झाले नाहीत. मला बेदाणे भरपूर लागतात. माझे वेगळे भरायचे आणि पातेल्यात ओळखू यावेत म्हणून त्यांना लाल-पांढरा दोरा बांधायचा, केकच्या खोक्याला बांधतात तो. पुड्यातले सगळे पांढऱ्या दोऱ्याचे होते. म्हणजे तो पुडा आमच्या घरचा नव्हता. बाकी कशाची नसली तरी या एका गोष्टीची मला खात्री होती.

मावशीने प्रोशूत्तोचा, खारवून वाळवलेल्या हॅमचा, काप उजेडाकडे धरून पाहिला. जेरीला म्हणाली, "तुझ्या बापाने कापला असता तर यातून मला तू दिसला असतास." मग माझ्याकडे वळली आणि आवाज खाली आणला.

"ओत्ताव्योला विचार. शुक्रवारी दुपारी मी खिडकीत जपमाळ घेऊन बसले होते. तुझे बाबा त्याच्या बेकरीतून बाहेर पडले."

हे ऐकून जेरीच्या हातातला चिमटा खाली पडला.

४

ओत्ताव्यो आणि बाबा एके काळी एका ताटात जेवणारे. मी शाळेत असताना ओत्ताव्योने बेकरीत सॉसेजचे सँडविच विकायला सुरुवात केली आणि तेव्हापासून बाबांनी त्याच्या फुटपाथवर पाय ठेवला नाही. आईच्या अंत्ययात्रेतही तो मागेच उभा होता. बाबांना धक्का देण्याइतका राग या गल्लीत कुणाच्या मनात असेल, तर त्याच्या असेल असं मला वाटलं.

मी आत गेले तर तो पिठाच्या पोत्यावर बसून रडत होता.

"आला होता," तो म्हणाला. "दार ढकलून आत आला, जसं काही आम्ही कालच भेटलो होतो. म्हणाला, ओत्ता, चांगला भाजलेला पाव दे. एकच दे, आम्हा तिघांना पुरतो. मग माझ्या मिशीवरून चेष्टा केली, पीठ चाळायला चाळण कशाला, ही आहे की. आमची जुनी चेष्टा. मिशी मी कधीच काढली, एर्सी, पण त्याने आठवण ठेवली. पैसे घेतले नाहीत मी. त्याने मला माफ केलं, बघ. मरायच्या दिवशी, तेही गुड फ्रायडेला. त्याचा तो मोठेपणा."

तिघांना, म्हणजे बाबा, जेरी आणि मी. मी शनिवारी येणार होते. माझ्या वाट्याचा पावही ते धरून होते, हे ऐकून त्या आठवड्यात पहिल्यांदा माझे डोळे भरून आले. ओत्ताव्योने मैद्याचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. त्याच्यावरचा संशय तिथेच संपला.

परत येताना एक गोष्ट खटकली. तो पाव मी पाहिला नव्हता. दुकानात नव्हता, वर स्वयंपाकघरात नव्हता.

बाबांनी पाव नेला कुठे?

५

कोठडीत एलिजियो काचेपलीकडे बसला होता. त्याने आधी विचारलं, सॉसेजं कोण भरतंय, आणि बडीशेप भाजून घालताय ना.

मी त्याला सांगितलं की मला गुरुवारचं खरं हवंय. तो म्हणाला, काही झालं नाही, डॉन साबी दमले होते.

"एली, सगळ्या रांगेने ऐकलंय. ते तुला 'तू कोण' म्हणाले."

मी त्याच्या तोंडाकडे पाहत होते. चोरीचा आळ आलेला माणूस असा दिसत नाही. आजाऱ्याच्या खोलीबाहेर बसलेली माणसं अशी दिसतात.

"रागाने म्हणाले?" मी विचारलं.

त्याने मान खाली घातली. "मी त्यांना शब्द दिलाय. तुमच्या भावालाही दिलाय. मला विचारू नका, ताई. जेरीला विचारा."

तेवढ्यात वेळ संपली. बाहेर बाकावर मी बराच वेळ बसून राहिले. बाबांचं ते वाक्य आम्ही सगळ्यांनी शिवीसारखं ऐकलं होतं. ते साधा प्रश्न असू शकेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. समोरचा माणूस खरोखर कोण आहे हे ज्याला माहीत नाही, तोही हेच शब्द वापरतो.

मिशी नसलेल्या माणसाच्या मिशीची चेष्टा. गुड फ्रायडेला काढलेला रुमाल. आमच्या दुकानाच्या रीती ज्याला ठाऊक नाहीत असा एक परका मी शोधत होते.

मी तळघरात पाव शोधायला गेले.

६

आमच्या तळघरात एक जुनं स्वयंपाकघर आहे, इथल्या बहुतेक घरांत असतं तसं. वरचं पाहुण्यांना दाखवायला, खरा स्वयंपाक खाली. आई होती तोवर रविवारची ग्रेव्ही तिथेच शिजायची. आता तिथे टोमॅटोच्या डब्यांची खोकी रचलेली असतात. दुपारी रस्त्याकडच्या जाळीतून उजेड येतो तेवढाच.

पाव शेगडीशेजारी टेबलावर होता, ओत्ताव्योच्या कागदात, दगडासारखा वाळलेला. पोलिसांनी पाहिला असेल, पण खाण्याच्या वस्तूंच्या दुकानात पावाकडे कोण पाहतं? दारामागच्या खिळ्याला आईचा एप्रन तसाच टांगलेला होता. मी त्याची घडी बाजूला केली. त्याच खिळ्यावर बाबांची अंगठी होती.

वर दिवा लागला. जेरी जिन्यावर उभा होता. माझ्या हातातली अंगठी पाहून तो मधल्या पायरीवर बसला.

"पूर्वी इथे मांस कापायचे का?" मी विचारलं.

"हो. मशीन वर नंतर नेलं. तेव्हा अंगठी याच खिळ्याला असायची."

"आणि दिवा?"

त्याने फरशीकडे बोट दाखवलं, बाबा पडले होते तिथे. "इथे शेवटच्या पायरीशी बल्बची दोरी लोंबायची. अंधारात उतरायचं आणि खाली आल्यावर ओढायची. तू पोटात होतीस तेव्हा आईचा पाय चुकला, थोडक्यात वाचली. बाबांनी दुसऱ्याच दिवशी दोरी काढून वर बटण बसवलं."

उरलेलं मी त्याला सांगितलं आणि त्याने एकदाही नाही म्हटलं नाही. दुपारी उजेड होता तेव्हा बाबा पाव घेऊन मागच्या दाराने आले, ते नुसतं लोटून खाली उतरले आणि अंगठी जुन्या खिळ्याला अडकवली. मशीनची सवय हातात होती, म्हणून काप वर जाऊन काढले. कुठला वार आहे हे त्यांना माहीत नव्हतं. रविवारचा पुडा बांधला आणि अंधारल्यावर आईला हाक मारायला खाली निघाले. बटण त्यांनी शोधलंच नाही, कारण ते जिथे होते तिथे बटण नव्हतं. ते दोरीपर्यंत उतरत होते. दिवा कुणीच बंद केला नाही. दुसरं माणूस तिथे नव्हतंच.

"कधीपासून?" मी विचारलं.

"नाताळापासून. चांगल्या दिवशी आपण विसरतोय हे त्यांना स्वतःलाही कळायचं. मग माझा हात धरून म्हणायचे, एर्सीला सांगू नकोस, नोकरी सोडून येईल. गिऱ्हाइकांना सांगू नकोस, कीव करतील. मी आणि एली आळीपाळीने थांबायचो."

"शुक्रवारी कुणाची पाळी होती?"

जेरीने तोंडावर हात धरला. शुक्रवारी त्याची पाळी होती. सासुरवाडीला माशांचं जेवण होतं. बाबा झोपलेत, तासाभरात येतो, असं म्हणून तो गेला. वाइन झाली, खुर्चीत डोळा लागला. जाग आली तेव्हा वाटलं, आता झोपले असतील, सकाळी जाऊ.

"आणि एलीला घेऊन गेले तेव्हा?"

"वाटलं, दोन दिवसांत सोडतील," तो म्हणाला. "एर्सी, सांगून टाकलंस तर बाबांचं काय राहील? इम्मामावशी प्रत्येक आठवणीत वेड शोधत बसेल. ओत्ताव्योचं काय होईल?"

मी अंगठी मुठीत धरून त्याच्या बाजूने वर गेले. दिवा चालूच ठेवला.

७

लापोलाने सगळं ऐकून घेतलं, कागद मिटला आणि अपघाताची नोंद केली. मग मला म्हणाला, तू कालच यायला हवं होतंस. एलिजियोला दुसरे लोक घेऊन गेले होते. आम्ही वकील पाहिला, जेरी तासन्‌तास दारांबाहेर उभा राहिला. काही झालं नाही. एलिजियोची बायको त्याच्या सुऱ्या न्यायला आली. ज्या कापडात तो त्या गुंडाळत असे, त्यातच जेरीने त्या तिला दिल्या. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. मला मात्र म्हणाली, तो विमानतळावरून बोलला, तुमच्यावर त्याचा राग नाही. मला वाटलं, राग असता तर बरं झालं असतं.

एलिजियोचं नाव गल्लीत साफ व्हायचं तर खरं सगळ्यांना कळायला हवं होतं. ओत्ताव्योला मी स्वतः सांगितलं, दुसऱ्याकडून कळू नये म्हणून. त्याला समजायला वेळ लागला. मग त्याने ओठावर बोट फिरवलं, जिथे मिशी असायची तिथे.

"म्हणजे ज्याने पाव मागितला," तो म्हणाला, "त्याला आमचं भांडण झालेलंच माहीत नव्हतं."

मी हो म्हटलं. तो उठून आत गेला आणि भट्टीचं दार लावून घेतलं.

पुडा लापोलाने परत पाठवला. इतके दिवस तो बर्फात होता. टाकून द्यायला हवा होता, तो मी तळघरात नेला. रविवार होता. खोकी बाजूला केली, शेगडी पुसली, आईचं पातेलं काढलं. टोमॅटो रटरटू लागले तेव्हा ब्राचोले एकेक करून सोडले, आणि लाल दोरा कुठे आहे हे हात आपोआप शोधू लागला.

लाल दोरा नव्हता. तेव्हा मला कळलं की पुडा आमच्या घरचा नाही असं मी का ठरवलं होतं आणि कुठे चुकले होते.

बाबांनी एकच पाव मागितला होता, तिघांना पुरेल असा. ते तिघं म्हणजे बाबा, आई आणि जेरी. जिन्याला बटण नव्हतं, कारण ते माझ्यासाठी बसवलं गेलं. बेदाणे नव्हते, कारण ते मागणारं कुणी घरात अजून आलेलं नव्हतं. शेवटच्या दिवशी बाबा आनंदात होते, ओत्ताव्योशी केलेल्या चेष्टेवरून ते कळतं. ते घरी चालले होते. त्या घरात मी नव्हते.

मी ग्रेव्ही शिजू दिली. ताट एकच घेतलं. बेदाण्यांशिवायचा ब्राचोला मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ला. इम्मामावशी म्हणते तेच बरोबर आहे. तो घशाखाली उतरत नाही.